आमच्या जागी ठोकळा गेला



"तू नक्की करतेस तरी काय गं?" हे सकाळपासून मला सात-आठ जणांनी विचारलं. म्हणून तेच सांगते. मी छोट्या उपग्रहांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. छोटा म्हणजे केवढा? काही जेमतेम दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच, वजन एक किलोच्या आसपास. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' असाच होता.

एवढ्याशा उपग्रहासाठी अख्खं रॉकेट कोण घेणार? मग मोठ्या उपग्रहाच्या गाडीत उरलेल्या जागेवर आम्ही बसतो. 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने 20 उपग्रह नेले, त्यांत 'स्वयम्' होता. 15 फेब्रुवारी 2017 ला तर 104 गेले. मुख्य कार्टोसॅट 714 किलोचा आणि बाकीचे 103 मिळून 664 किलो! जानेवारी 2021 मध्ये स्पेसएक्सच्या एका फाल्कन रॉकेटने 143 उपग्रह नेले.

स्वस्तात जायचं तर अटी पाळाव्या लागतात. मार्ग आपण ठरवायचा नाही, तारीखही नाही. आणि शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही. उड्डाणात आपला उपग्रह पूर्ण बंद असतो. रॉकेटमधून सुटल्यावरही पहिली 45 मिनिटं रेडिओ चालू करायचा नाही, असा नियम आहे. ही 45 मिनिटं मोजणारा भाग आमच्या उपग्रहात मी लिहिला होता.

उपग्रह सोपवायला चार दिवस उरले होते. रात्री चाचणी करताना मी मुद्दाम मध्येच वीज तोडून पुन्हा जोडली. रेडिओ तत्काळ सुरू झाला! संगणक पुन्हा सुरू झाला की वेळ संपली असंच तो धरत होता. चूक माझीच. चाचणीच्या यादीत हा प्रकार नव्हता. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

तेव्हा मला आठवली आपली प्रयोगशाळा. लंबकाच्या प्रयोगात मी मैत्रिणीच्या वहीतले आकडे उतरवले होते. बाईंनी पानावर काट मारली आणि म्हणाल्या, "यायला हवं ते नको लिहूस. दिसलं ते लिही."

सकाळी दिसलं ते लिहून दिलं. दुरुस्ती दोन ओळींची होती, पण सगळ्या चाचण्या पुन्हा करायला तीन आठवडे हवे होते. रॉकेट कुणासाठी थांबत नाही. तोल राहावा म्हणून आमच्या जागी तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा बसवला. दोन वर्षं राबलेली आमची पोरं टीव्हीवर ते उड्डाण बघत होती. कुणी माझ्याशी बोललं नाही. त्यांचा राग मला समजत होता.

आठ महिन्यांनी दुसऱ्या गाडीत जागा मिळाली. उपग्रह सुटला, 45 मिनिटं शांततेत गेली. काही तासांनी तो आमच्या अँटेनावरून गेला, तेव्हा पहिला संदेश आला. त्यात संगणक किती वेळा पुन्हा सुरू झाला, याचाही आकडा असतो. तो होता दोन.

बाई, त्या दिवशी तुम्हाला फोन करायचा राहून गेला. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगितलं.