हलव्याचा काटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'साखरेचे काम' या विषयावर पंधरा मिनिटे बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परातीपुढे बसून चार तास हात चालवायला मला कंटाळा नाही, पण ध्वनिक्षेपकापुढे उभे राहायचे म्हणजे पाय लटपटतात. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही हलवा करता ना, तसेच बोला. थोडे थोडे." तेव्हा थोडे थोडे बोलते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या आषाढात आपल्या मंडळात केकचा वर्ग झाला, तो आपणां सर्वांना आठवत असेल. त्यात केकवर घालायचे साखरेचे पांघरूण घरी कसे करावे ते शिकवले. मार्शमेलो म्हणजे साखर आणि जिलेटीन घुसळून केलेली कापसासारखी मऊ मिठाई. ती चमचाभर पाण्याबरोबर वाफेवर विरघळवायची, तीत मावेल तितकी पिठीसाखर घालायची, हाताला तूप लावून कणकेसारखा गोळा मळायचा आणि लाटून केकवर पसरायचा. त्याचीच फुले, पाने, बाहुल्या करायच्या. जिलेटीन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, तेव्हा ज्यांना ते चालत नसेल त्यांनी पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून मगच घ्यावे, हेही तिथे सांगितले होते.

मुलींनी गुलाब फार सुरेख केले. पण बाहेर पाऊस, हवेत ओल. संध्याकाळपर्यंत पाकळ्या माना टाकून बसल्या. एकीने केक फ्रीजमध्ये ठेवला होता, तो बाहेर काढल्याबरोबर त्याला दरदरून घाम आला आणि सगळे चिकट झाले. मी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितले. त्या वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगो, साखरेचे काम करायचे तर आधी हवेला विचारावे."

हे वाक्य त्यांनी मला पूर्वीही एकदा सांगितले होते. ते हलव्याच्या वेळी. म्हणून आज मी हलव्याविषयीच बोलणार आहे.

तसे पाहिले तर केकवरचे पांघरूण आणि आपला हलवा, दोन्ही साखरच. पण रीत अगदी उलटी. तिथे साखर पिठासारखी दळून घेतात आणि तिचा कण पुन्हा वाढू नये म्हणून जपतात, म्हणजे ते मऊ राहते. हलव्यात आपल्याला कण वाढायलाच हवा असतो, आणि तोही टोकदार. मात्र ओल दोघांचीही वैरीण.

आपल्या रत्नागिरीत हलवा करणे अवघड आहे ते याच कारणाने. घाटावर थंडी कोरडी असते. इथे दारात समुद्र. पण पौषात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो कोरडा आणि गार. दहा-अकरा वाजले की वारा फिरतो आणि खारा वारा घरात येऊ लागतो. म्हणून आमच्या घरी हलव्याला पहाटे साडेचारला बसतात आणि दहाच्या आत उठतात. पाक तोच, तीळ तेच, पण दुपारी बसले की दाणे ओशट होतात, काटा धरत नाहीत. हवेला विचारायचे ते असे.

आता कृती सांगते. पांढरे तीळ दोन मोठे चमचे घ्यावे, निवडून किंचित भाजावे. एवढ्याशा तिळांना साखर अर्धा किलो तरी लागते. सगळा पाक एकदम करू नये, रोज लागेल तसा करावा. साखर भिजून वर थोडे पाणी राहील इतके पाणी घालून उकळी आणावी. उकळताना चमचाभर दूध घातले की मळी वर येते, ती काढून टाकावी आणि पाक स्वच्छ फडक्याने गाळावा. पाक एकतारीच्या आतला, पातळसर हवा. तो भांड्यात बसू नये म्हणून लिंबाचे दोन थेंब घालतात, पण दोनच. लिंबू जास्त झाले तर साखरेचा कण बनत नाही, मग काटा कुठला यायला? पहिल्या वर्षी मी अर्धे लिंबू पिळले होते आणि तीन दिवस नुसती हात चोळत बसले होते.

पूर्वी शेगडीवर परात ठेवीत आणि निखाऱ्यावर राख पसरीत. आता मंद गॅसवर जाड तवा आणि तव्यावर परात ठेवावी. परातीत तीळ घालून त्यांवर अर्धा चमचा पाक सोडावा आणि बोटांनी हलके हलके फिरवावे. तीळ कोरडे होऊन परातीत सुळसुळ वाजू लागले की पुन्हा अर्धा चमचा. घाई करून चमचा भरून घातला की तीळ एकमेकांना चिकटून त्यांची जुळी-तिळी होतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. मध्ये मध्ये साखरेचा भुगा सुटतो, तो चाळून काढावा, नाहीतर दाण्यांवर बसून काटा बुजवतो. भुगा टाकू नये, चहाला होतो.

पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होतात. दुसऱ्या दिवशी अंगावर पुळ्या आल्यासारखे दिसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा दिसू लागतो. जो कण आधी वर आला, त्याला पाक आधी लागतो, म्हणून तो आणखी वर येतो. काटा वाढतो तो असा. रंग हवा असेल तर शेवटच्या दिवशीच्या पाकात घालावा. मला स्वतःला पांढराच आवडतो. तिळाऐवजी खसखस, साबुदाणा, लवंग, मगजाच्या बिया यांचाही हलवा होतो.

मागे माझ्या पुतण्याने मोबाइलवर मला एक गंमत दाखवली. जपानात थेट आपल्या हलव्यासारखी काटेरी साखरेची मिठाई करतात, तिला कोन्पेइतो म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ही मिठाई तिथे नेली. १५६९ साली एका पोर्तुगीज पाद्र्याने तिथल्या ओदा नोबुनागा नावाच्या सरदाराला ती काचेच्या बरणीतून नजर केली होती. तिकडे मोठी तिरकी कढई फिरत असते, तिच्यात दाणे लोळत असतात, वरून पाक थोडा थोडा सोडतात, आणि काटा पुरा यायला दोन आठवडे लागतात. मी सासूबाईंना ते दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "आणि त्यांचे वारे कसे आहेत?"

हलवा झाला की दागिने. हलव्याला भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. दुहेरी दोऱ्याचा फास करून त्यात एकेक दाणा आवळायचा. इथे काट्याचा उपयोग कळतो. दाणा गुळगुळीत असता तर फासातून सटकला असता, काट्यामुळे दोरा अडून राहतो. असे सर करून ते सोनेरी कागद लावलेल्या पुठ्ठ्यावर शिवतात. मुकुट, बिंदी, नथ, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, मनगट्या आणि बासरी. जावयाला हार आणि हलव्याचा नारळ. काळ्या चंद्रकळेवर ते पांढरे दागिने किती उठून दिसतात ते मी सांगायला नको.

माझा पहिला संक्रांतसण १९९९ सालचा. माझ्या अंगावरचा प्रत्येक दाणा सासूबाईंनी केला होता. पौष लागल्यापासून त्या पहाटे परातीपुढे बसत होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी चटक्यांनी निबर झाली होती. सणाच्या दिवशी आळीतल्या बायका पडवीत जमल्या. माजघराच्या दारातून सासूबाईंनी दागिन्यांचे तबक माझ्या जाऊबाईंच्या हाती दिले आणि त्या आत वळल्या. मी म्हटले, "आई, तुम्ही या ना." त्या म्हणाल्या, "तू जा. बायका खोळंबल्यात."

आमचे सासरे १९९१ साली वारले होते. त्यानंतर आळीतल्या कितीतरी मुलींचे दागिने सासूबाईंनी केले. लोक घरी येऊन हलवा मागून नेत, कौतुक करीत. पण त्यांतला एकही दागिना त्यांनी कुणाच्या गळ्यात स्वतः बांधला नाही, आणि कुणी त्यांना बांधायला बोलावलेही नाही. मी लोकांना नावे ठेवीत नाही, कारण मीही त्यांतलीच. १९९९ साली एकदा विचारले, त्यानंतर तेवीस वर्षे मी पुन्हा विचारले नाही. पाक त्यांच्याकडून शिकले, काटा त्यांच्याकडून शिकले, आणि संक्रांतीला तबक दारातून घेऊन पुढे जात राहिले.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी हे उदाहरण घ्यावे म्हणून परिपत्रक काढले. आमच्या घरी ती बातमी वाचली गेली. सासूबाई ऐकत होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

पुढच्या जानेवारीत थोरल्या जाऊबाईंच्या सुनेचा पहिला सण होता. ती मुलगी तबक घ्यायला माजघरात गेली ती तिथेच बसली. म्हणाली, "हार आजींनी बांधला तरच मी बाहेर येईन." सासूबाई रागावल्या. "मला नको गो ही थेरं. चांगल्या दिवशी उगाच बोलणी कशाला?" बाहेर बायका थांबलेल्या. शेवटी मी आत गेले, सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना पडवीत आणले. त्यांचा हात थरथरत होता. हाराची गाठ त्यांना दोनदा मारावी लागली. कुंकू त्यांनी लावून घेतले नाही, मला नको म्हणाल्या, आणि आम्हीही आग्रह केला नाही. तिळगूळ घेतला आणि वाण घेतले. एक बाई वाण न घेता निघून गेल्या. बाकीच्या बसल्या. रात्री सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मुकुटाचा डावीकडचा सर ढिला झालाय, लांबून कधी दिसला नव्हता."

भगिनींनो, ते ऐकून मला झोप आली नाही. वर्षानुवर्षे ज्या बाईने दागिने घडवले, तिला ते अंगावर घातल्यावर कसे दिसतात हे जवळून कधी पाहता आले नव्हते.

आपल्या जिल्ह्यातल्या मुरुडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुढे १९५८ साली देशाने त्यांना भारतरत्न दिले. तेवढे मोठे काम आपल्या हातून होणार नाही. पण एक लहान काम आपल्या हाती आहे. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची पत्रिका निघते, तिच्यावर दरवर्षी 'सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे' असे छापतात. त्याऐवजी 'सर्व भगिनींनी' असे छापावे, एवढीच माझी विनंती आहे. कुंकू घ्यायचे की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावे. कुणावर जबरदस्ती नको, या बाजूने नको आणि त्या बाजूनेही नको. पण बोलावणे मात्र सगळ्यांना असावे. कार्यकारिणीने पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. पुष्कळजणींना हे एकदम पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. अर्धा चमचा पाक घालून वाळेपर्यंत थांबायची मला सवय आहे.

आणि एक. येत्या पौषात मंडळाने हलव्याचा वर्ग घ्यावा. शिकवायला सासूबाई येतील, मी त्यांना विचारले आहे. "पहाटे साडेचारला येणाऱ्या असतील तर येईन," असे त्या म्हणाल्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापली परात आणि चाळणी आणावी, नखे कापून यावे, आणि लिंबू घरीच ठेवून यावे.