वृद्धांचा ताप



२०१८ साली नागपूर व विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. आपल्या जळगाव-धुळ्याकडेही पावसाळ्यात बांधावर गवत माजते, म्हणून हा विषय आम्ही घेतला. झुडपांतील अतिसूक्ष्म किड्याची अळी चावते. तेथे पुष्कळदा काळी खपली धरते आणि सुमारे दहा दिवसांनी ताप चढतो. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाले, तर बहुधा दोन दिवसांत तो उतरतो. परंतु उतारवयात फुप्फुसे व मूत्रपिंडे यांवर घाला पडण्याचे भय अधिक. आणि आपण मात्र ‘वयच झाले’ म्हणून आजोबांचा ताप अंगावर काढू देतो. तसे करू नये. काख, जांघ पाहावी. खपली न दिसली तरी शेतात जाणे-येणे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.