शिकता शिकता पगार

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९५७ साली वॉटरलू विद्यापीठ सुरू झालं, तेच मुळी अभ्यासाला पगारी कामाची जोड देऊन. मानसशास्त्राची पदवीही तिथे अशी घेता येते. साधारण चार महिने वर्गात, चार महिने नोकरीवर, असं आलटूनपालटून. काम आयतं हातात पडत नाही. अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. मग कुणी संशोधन प्रयोगशाळेत जातं, कुणी मनुष्यबळ विभागात, कुणी सामाजिक संस्थेत. पदवीला जवळपास पाच वर्षं लागतात, पण तो जादा वेळ मला सार्थकी लागलेला वाटतो. माणसं वाचायची तर माणसांतच जायला हवं. मात्र पालकांनो, एवढ्यावर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतंच. त्या वर्षांचा आणि खर्चाचा हिशेब प्रवेशाआधीच मांडा.