लहान-मोठ्या उद्योगसंस्थांचे गणित



उद्योगसंस्थांच्या आकारमानाचा विषय ग्रंथालयाच्या व्यासपीठावर कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एका कादंबरीत सापडते. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’मधील शब्दांच्या मोजणीवरून दाखविले, की वापराच्या क्रमाने दहावा शब्द 2653 वेळा, शंभरावा 265 वेळा, तर हजारावा अवघा 26 वेळा येतो. क्रमांक दसपट झाला की वापर दहाव्या हिश्शावर उतरतो. 1949 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात झिफ यांनी शहरांच्या लोकसंख्येतही असाच क्रम दाखवून दिला.

उद्योगसंस्थांची कथा याहून फारशी निराळी नाही. रॉबर्ट ॲक्सटेल यांनी 2001 साली अमेरिकेतील 1997 च्या आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 55 लाख संस्थांमध्ये सरासरी 19 कर्मचारी होते. परंतु सर्वांत अधिक संख्येने आढळणारी संस्था एकाच कर्मचाऱ्याची होती. दहाहून अधिक माणसांच्या हजार संस्था असतील, तर शंभरावरच्या साधारण शंभर आणि हजारावरच्या सुमारे दहा, असा हा उतार आहे. माणसांच्या उंचीत सरासरीच्या आसपास गर्दी असते. येथे मात्र ‘सरासरी संस्था’ ही जवळजवळ कल्पनेतलीच वस्तू ठरते.

असे का घडावे? फ्रेंच अभियंते रोबेर जिब्रा यांनी 1931 साली सुचविलेले उत्तर साधे आहे. वाढीचे शेकडा प्रमाण संस्थेच्या आकारावर अवलंबून नसते. दहा टक्के वाढ झाली तर दहा माणसांच्या कारखान्यात एक माणूस वाढतो, हजारांच्या कारखान्यात शंभर. चांगली-वाईट वर्षे अशी एकमेकांना गुणत जातात आणि समान आरंभातूनही प्रचंड विषमता निर्माण होते. 1958 साली हर्बर्ट सायमन आणि चार्ल्स बोनिनी यांनी त्यात नव्या संस्थांच्या सततच्या प्रवेशाची भर घातली. पुढील संशोधनाने या नियमाला मुरडही घातली: लहान संस्था अधिक संख्येने बंद पडतात, परंतु तग धरणाऱ्या लहान संस्था मोठ्यांपेक्षा वेगाने वाढतात. तरीही मूळ बोध टिकून आहे. केवळ आकारावरून कर्तबगारी जोखणे धाडसाचे होय. त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो.

या विषमतेचे परिणाम साऱ्या समाजाला भोगावे लागतात. झाव्हिए गाबे यांनी 2011 साली दाखविले, की अमेरिकेच्या उत्पादनवाढीतील चढउतारांपैकी सुमारे एक तृतीयांश भागाचे स्पष्टीकरण सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या स्वतःच्या बऱ्यावाईट घडामोडींतून मिळते. लक्षावधी लहान दुकानांची सुखदुःखे परस्परांत जिरून जातात; बड्यांची जिरत नाहीत.

भारताचे चित्र अधिक विचार करायला लावणारे आहे. 2013 च्या सहाव्या आर्थिक गणनेत सुमारे 5 कोटी 85 लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे 13 कोटी 13 लाख माणसे नोंदली गेली. म्हणजे एका आस्थापनेमागे सव्वादोन माणसे. या गणनेत एकट्याने धंदा करणारेही धरलेले असल्याने अमेरिकेच्या आकड्यांशी तिची थेट तुलना करता येत नाही. परंतु खरा प्रश्न लहानपणाचा नसून खुंटलेल्या वाढीचा आहे. चँग-ताई श्ये आणि पीटर क्लेनो यांच्या 2014 च्या अभ्यासानुसार अमेरिकेतील चाळीस वर्षांचा कारखाना पाच वर्षांच्या आतील कारखान्याच्या सातपटींहून अधिक माणसांना काम देतो. भारतात तग धरून राहिलेला कारखाना तेवढ्याच काळात जेमतेम दुप्पट होतो.

या खुंटण्याचा दोष बराच काळ कायद्यांना दिला गेला. 1948 च्या कारखाना अधिनियमात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची, तर कामगारकपातीच्या पूर्वपरवानगीसाठी 1982 च्या दुरुस्तीने शंभर कामगारांची मर्यादा होती. अशा मर्यादेपाशी संस्था थबकतात याचा ठळक पुरावा फ्रान्समध्ये मिळतो. तेथे पन्नासाव्या कामगाराबरोबर अनेक नवी बंधने लागू होत असल्याने 49 कामगारांवर थांबलेल्या संस्थांची गर्दी दिसते. परंतु एवढ्यावर निकाल देता येत नाही. भारतातील बहुसंख्य आस्थापना दहाच्याही कितीतरी खाली आहेत; कायद्याचा उंबरठा त्यांच्यापासून फार दूर आहे. त्यांची अडचण भांडवल, बाजारपेठ, कौशल्य आणि कुटुंबाबाहेरच्या माणसावर कारभार सोपविण्याचा विश्वास यांच्याशी निगडित आहे.

म्हणून धोरण आखताना सरासरीच्या आकड्यावर विसंबणे घातक ठरते. पोटापुरता धंदा करणारा शिंपी आणि वाढू पाहणारा छोटा कारखानदार एकाच रकान्यात नोंदले जातात; पहिल्याला आधार हवा असतो, दुसऱ्याला वाट. हा भेद न ओळखता दिलेली सवलत एकाला अपुरी पडते आणि दुसऱ्याला लहानच राहण्याचे आमिष दाखविते.