न्हाणीघर, लाकूड आणि खालचा शेजारी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीतील एका निवृत्त स्थापत्य अभियंता सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



‘बाथरूमच्या भिंतींना लाकडी पॅनेलिंग’ हा विषय समितीने मला दिला. रौप्यमहोत्सवात हा काय विषय, असं पुढच्या रांगेतल्या काकूंच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. पण इमारत २५ वर्षांची झाली की घरोघरी दुरुस्त्या निघतात, त्यातही बाथरूम आधी. जुन्या टाइल्स फोडायच्या म्हणजे आठ-दहा दिवस ठोकाठोकी, राडारोडा, लिफ्टवरून कुरबुरी. त्यापेक्षा टाइल्सवरूनच फळ्या मारल्या की दोन-तीन दिवसांत काम होतं, वर दिसायला झकास. मोह पडणारच.

आपल्या जुन्या घरांत लाकूड काय कमी होतं? खांब, तुळया, कडीपाट, जिने. पण न्हाणी मात्र बहुधा मागच्या दारी, दगडी फरशीची, बाजूला चूल नाहीतर तांब्याचा बंब. पाणी आणि लाकूड यांची गाठ पडू द्यायचीच नाही, असा तो हिशोब. (जाता जाता सांगतो, बाथरूमच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्याला देशभरचे इंजिनिअर आणि प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. तो आपल्याच न्हाणीतून गेलेला शब्द!)

दुसरी गोष्ट म्हणजे आपली आंघोळ. मासिकांतल्या चित्रांत काचेआड शॉवर असतो, बाकी खोली कोरडी ठणठणीत. आपल्याकडे बादली, मग, पाटावर बसलेले आजोबा आणि पाणी उडवणारी नातवंडं. चारही भिंती भिजतात. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की आंघोळीच्या जागी खरं लाकूड लावूच नये, तिथे टाइलच बरी. बेसिनची भिंत, आरशाची बाजू, दारालगतचा कोरडा भाग, एवढ्यापुरती हौस करा.

माल कोणता? साधं प्लायवुड अजिबात नको. त्याचे थर सुटतात आणि मागे वाळवीची सोय होते. मरीन प्लाय घेतलात तर त्यावर आय.एस. ७१० हा शिक्का बघा. दुकानदार तोंडी ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला, तेवढ्यावर जाऊ नका. आणि मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर तिथून पाणी शिरतंच, म्हणून कडा आधी सील करायच्या. सागवान टिकतं, कारण त्यात अंगचंच तेल असतं, पण महाग आहे आणि पॉलिश वेळोवेळी करावं लागतं. डब्ल्यू.पी.सी. म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा मिश्र बोर्ड. तो कुजत नाही, वाळवीही सहसा वाटेला जात नाही. पी.व्ही.सी. पॅनेल सर्वांत स्वस्त, पण गीझरच्या वायरिंगजवळ लावू नका. जळलं तर धूर फार विषारी.

सुताराला तीन गोष्टी बजावून सांगा. फळ्या थेट भिंतीवर चिकटवू नकोस, आधी रिपा मार, म्हणजे मागे हवा खेळेल. जमिनीपासून इंचभर वर ठेव, नाहीतर फरशीवरचं पाणी खालून वर चढतं. आणि दोन फळ्यांत फुगायला जागा ठेव. मे महिन्यात घट्ट बसवलेली फळी जुलैत फुगून पोट काढते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी उभा राहिलो.

बरेच जण पॅनेलिंग का करतात? शोभेसाठी थोडं. खरं कारण भिंतीला ओल आलेली असते, पोपडे निघालेले असतात, आणि ते झाकायचं असतं. मंडळी, फळीने ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. मी नोकरीत असताना एका सोसायटीत असंच झालं. वरच्यांनी सुंदर पॅनेलिंग केलं, खालच्यांच्या छताला डाग. वरचे म्हणत, “आमचं बाथरूम बघा, थेंब नाही!” आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. दोन पावसाळे भांडण चाललं, एकमेकांकडचं हळदीकुंकू बंद झालं. शेवटी पॅनेल उतरवलं तेव्हा मागे गीझरच्या पाइपचा सांधा ठिबकत होता. तोवर खालच्यांच्या स्लॅबच्या सळया गंजल्या होत्या. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. डाग पुसता येतो, सळई परत येत नाही.

म्हणून काम काढण्याआधी दोन चाचण्या करा. एक : फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी टेप लावून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर भिंत ओली आहे. दोन : नहाणी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवा आणि खालच्या शेजाऱ्यांना छत बघायला सांगा. सांगा म्हणजे स्वतः खाली जाऊन, चहा घेता घेता. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

खर्चाचं म्हणाल तर आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूम, सिंक यांमुळे होणारी आतली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप ही सोसायटीची जबाबदारी. पण गळती नक्की कुठून हे ठरवायला भिंत दिसायला तर हवी! १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, पुढे दर ३ वर्षांनी. ऑडिटर हातोडी घेऊन येईल तेव्हा त्याने तुमच्या नव्या पॅनेलवर ठोकून काय समजून घ्यायचं? म्हणून डक्टच्या बाजूची आणि पाइपांवरची पॅनेल स्क्रूने उघडणारी ठेवा, चिकटवलेली नकोत.

अजून एक, आणि यावर मी तडजोड करणार नाही. ज्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे त्यांनी खिडकीच्या पट्ट्या फळीने बंद करायच्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद बाथरूममध्ये माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. दिसायला बरं नाही म्हणून ती खिडकी झाकली असेल, तर आज घरी गेल्यावर उघडा. गीझर मुळात बाथरूमच्या बाहेर घेता आला तर उत्तमच.

बी विंगच्या ज्या दोन घरांत पुढच्या महिन्यात काम सुरू होतंय, त्यांच्याकडे मी रविवारी प्लास्टिक आणि टेप घेऊन येतो. शिडी तुमची. आता प्रश्न असतील तर विचारा, मागे जेवणाची पानं मांडायला सुरुवात झालेली दिसते.