महाकाव्यं आली कुठून?

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



'महाकाव्य' हा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. पोटगी, घरकुल, बचत गट, सातबारा हे आपले रोजचे विषय. महाकाव्य म्हणजे कॉलेजातल्या सरांचं काम. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे. गावातल्या बैठकीत एखादी म्हातारी सीतेची गोष्ट आपल्या रीतीनं सांगू लागते. सीता रामाला काय काय बोलली असेल, ते सांगते. तेवढ्यात कोणीतरी शिकलेला म्हणतो, "अवो माय, पोथीत असं नाई लिवेल!" म्हातारी गप्प बसते. मग त्या बैठकीत ती जमिनीबद्दलही बोलत नाही आणि लेकीच्या सासरबद्दलही बोलत नाही. म्हणून आधी पोथी की आधी म्हातारी, हे आपल्याला नीट ठाऊक पाहिजे.

महाकाव्य म्हणजे एका अख्ख्या समाजाची लांबलचक, गाऊन सांगितलेली गोष्ट. त्यात राज्य जातं, वनवास घडतो, बाई पळवली जाते, युद्ध होतं, माणसं मरतात. असं काव्य एका माणसानं एका बैठकीत लिहून काढलं, अशी आपली समजूत असते. १९३३ ते १९३५ या काळात मिलमन पॅरी नावाचा अमेरिकन अभ्यासक आपला विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड याला घेऊन युगोस्लाव्हियात हिंडला. होमरच्या नावावरची 'इलियड' आणि 'ओडिसी' ही महाकाव्यं कशी तयार झाली असतील, हे त्याला शोधायचं होतं. तिथे अवदो मेजेदोविच नावाचा एक शेतकरी गायक भेटला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. १९३५ साली त्यानं बारा हजारांहून जास्त ओळींचं एक गाणं कित्येक दिवस बसून गायलं. एवढं सगळं त्यानं पाठ केलं होतं का? नाही. त्याच्या गळ्यात ठरलेले शब्दसमूह होते, ठरलेले प्रसंग होते, चाल होती. त्यांतून तो दर वेळी गाणं नव्यानं रचत होता. कधी वाढवायचा, कधी आखडतं घ्यायचा. लॉर्डनं १९६०च्या आपल्या पुस्तकात मांडलं की अशा गाण्यांना 'मूळ प्रत' नसतेच. प्रत्येक गाणं हे त्या वेळचं मूळच असतं.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. भुलाबाईची गाणी आपण अशीच म्हणतो. जात्यावरची बाई पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजत ठरलेल्या शब्दांत आपल्या भावाचं नाव, आपल्या गावाचं नाव बसवते. अवदोची करामत तिला जन्मापासून येते.

आता आपल्या महाभारताकडे पाहू. ते व्यासांचं म्हणतात. पण नैमिषारण्यात ते सांगतो तो उग्रश्रवा, म्हणजे एक सूत. हे सूत राजांचे रथ हाकायचे आणि कथा गायचे. वर्णाच्या उतरंडीत त्यांना खालची जागा होती. कर्णाला 'सूतपुत्र' म्हणून भर सभेत हिणवतात, ती गोष्ट सुतांनीच गावोगाव गायली. परंपराच सांगते, की आधी 'जय' होता, मग २४,००० श्लोकांचं 'भारत' झालं आणि मग लाखाचं 'महाभारत'. म्हणजे गोष्ट वाढत गेली, हे जुन्यांनाही मान्य होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून, बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती काढली. तिचे संपादक विष्णु सुकथनकर यांनीसुद्धा हे व्यासांचं मूळ असा दावा केला नाही. हस्तलिखितांवरून जितकं मागे जाता येतं तितके आपण गेलो, एवढंच ते म्हणाले.

रामायण पहिल्यांदा गायलं कोणी? कुश आणि लव यांनी. संस्कृतात 'कुशीलव' म्हणजे गाऊन-नाचून पोट भरणारे. या दोन पोरांना वाढवलं कोणी? टाकून दिलेल्या आईनं. रामायणाच्या सुरुवातीला पारधी क्रौंचाला मारतो, मादी आक्रोश करते, आणि तो आक्रोश ऐकून वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघतो, असं ती कथाच सांगते. म्हणजे श्लोकाच्या आधी बाईचं रडणं आहे.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'इलियड' एवढं लढाईचं काव्य. त्याच्या शेवटी हेक्टरच्या प्रेतापाशी तीन बायका एकेक करून विलाप करतात: त्याची बायको अँड्रोमाकी, आई हेक्युबा आणि हेलन. महाभारतात अठरा दिवसांच्या युद्धानंतर अख्खं स्त्रीपर्व आहे. गांधारी रणभूमी पाहते, एकेकाचं नाव घेऊन सांगते आणि कृष्णाला सरळ विचारते, "तुला थांबवता येत होतं, मग थांबवलं का नाहीस?" तिचा प्रश्न पुसून टाकण्याचं धाडस पोथी लिहिणाऱ्यांनाही झालं नाही.

मराठीत तर हे आणखी उघड आहे. ११२९च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वर नोंदवतो, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी १२९० सालची. ती ओवीत आहे. एकनाथांचं भावार्थ रामायण, मुक्तेश्वरांचं महाभारत, श्रीधरांचं पांडवप्रताप, सगळं ओवीत. ग्रंथांतली ओवी पुढे वेगळी घडत गेली, पण तिचं मूळ माप बायकांच्या उखळापाशी, जात्यापाशी तयार झालं. ग्रंथांवर नावं राहिली ती पुरुषांची.

आणि आपलं वऱ्हाड? दमयंती विदर्भाची. नल तिला रानात झोपलेली टाकून, तिचंच अर्धं वस्त्र फाडून निघून जातो. पुढे दुसऱ्या स्वयंवराची आवई उठवून ती त्याला शोधून काढते. आपल्याकडे येणाऱ्या परित्यक्तांची ही थोरली बहीणच म्हणायची. रुक्मिणी वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरची. भावानं ठरवलेलं लग्न तिला नको होतं, म्हणून तिनं स्वतः पत्र धाडलं. हीच रुक्मिणी तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महदाइसेनं गायली. तिचे 'धवळे' म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, आणि त्यांत रुक्मिणीच्या स्वयंवराची पूर्ण कथा. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. त्याच रिद्धपुरात आज मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिथे सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. लोक सांगतात, की बाळंतीण सीतेनं गावात मूठभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत. तिनं शाप दिला आणि गावात गहू पिकेना. वाल्मीकींच्या पोथीत ही गोष्ट नाही. मग ती खोटी का? ज्या बाईला भर पिकाच्या मुलखात मूठभर दाणे मागावे लागले, तिच्याच जातकुळीतल्या कोणीतरी ती रचली असणार. शरद जोशींनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्याच्या कितीतरी आधी शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. गहू नाकारल्याची कथा आणि सातबाऱ्यावर नाव नसल्याची तक्रार यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

मी समाजकार्य शिकले तेव्हा 'केस हिस्टरी' लिहायला शिकले. नाव, वय, शिक्षण, समस्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सरकारी माणूस जातो, त्याच्याकडेही रकाने असतात: जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, वसुलीचा तगादा होता का. त्यावरून प्रकरण पात्र की अपात्र ठरतं. त्या रात्री काय झालं, आदल्या वर्षी काय झालं, तिनं काय सांगून पाहिलं होतं, याला रकाना नाही. ती सांगते मात्र. सांगताना तीच तीच वाक्यं पुन्हा येतात, क्रम मागेपुढे होतो, मधेच सूर लागतो. आपण घाईनं म्हणतो, "ताई, मुद्द्याचं बोला." पण आज तुम्ही ऐकलंत, मोठमोठी काव्यं याच रीतीनं उभी राहिली. फॉर्म भरायचाच आहे, त्यावर पैसे अडलेले असतात. फॉर्म भरून झाल्यावर वही मिटू नका.

हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी पुण्याला राहून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणारीचं नाव, गाव लिहून ठेवलं. आपल्या दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूरकडे पिठाच्या गिरण्या येऊन पिढ्या झाल्या. जातं आठवणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या गावातल्या एका म्हातारीचं गाणं किंवा गोष्ट मोबाइलवर घेऊन यायचं. आधी तिला विचारायचं. तिचं नाव तिला हवं तसं लिहायचं. शब्द दुरुस्त करायचे नाहीत, वऱ्हाडी आहे तशीच ठेवायची. आणि कोणी म्हणालं, "पोथीत असं नाई लिवेल," तर त्याला सांगायचं, "नसंल लिवेल. पोथी तिच्या नंतरची हाये."