पडद्यावरील वाचन आणि आपले विद्यार्थी



मंडळाच्या शिष्यवृत्तीने आपली मुले महाविद्यालयापर्यंत पोचतात. परंतु मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी पुष्कळदा इंग्रजी ग्रंथापाशी अडखळतो. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या २०१७ साली सुरू झालेल्या मंचावर प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकावयास मिळतात. तथापि केवळ ऐकून ग्रंथ समजत नाही.

५४ अभ्यासांच्या २०१८ सालच्या समालोचनात पडद्यापेक्षा कागदावरील वाचनाचे आकलन सरस आढळले. वेळेची मर्यादा असता तफावत वाढली. म्हणून पडदा टाकून द्यावा काय? मुळीच नाही, वाचनाची रीत सुधारावी. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील २००६ सालच्या प्रयोगात, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात आठवड्यानंतर अधिक उरले.

तेव्हा विद्यार्थ्याने पाठ वाचून होताच पडदा मिटावा, त्याचे सार मराठीत चार ओळींत लिहावे आणि मुळाशी ताडून पाहावे. जेथे लेखणी अडेल, तेथे अर्थ लागलेला नाही असे समजावे. मातापित्यांस इंग्रजी येत नसले तरी ते सार त्यांना ऐकता येईल. रोज अर्धा तास घरोघर हे घडावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.